पंचवीस तारखेनंतरचा स्वयंपाक

प्रत्येक घरात दाराच्या मागे एक पिशवी असते आणि त्या पिशवीत बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, तरी साठतात. आमच्या खोलीतले किस्से असेच साठले. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. ऐकणारी वैतागून म्हणते, "बास की आता, जेवू दे!" पण किस्से जेवणाचेच, त्यामुळे ते जेवतानाच आठवतात. त्याला मी काय करू?

आधी मंडळी सांगते, म्हणजे गोंधळ नको. सोलापूरच्या पूर्व भागात खाली यंत्रमागाची खटखट आणि वर पत्र्याची एक खोली, त्यात आम्ही तिघी राहतो. मी मूळची कुर्डुवाडीची, एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. दुसरी निर्मला, माढ्याची, कुरिअर ऑफिसात. तिसरी रत्ना, सांगोल्याकडची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजचं होस्टेल झेपेना म्हणून आमच्यात आली. खाली घरमालकीण अंबूअक्का. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दिवसभर हातात विड्या वळायचं सूप.

माझं नाव शैला, पण मला सगळ्या 'काडी' म्हणतात. का, ते मला एकदा बघितलं की कळतं.

आमच्या घरात कायदे तीन. पहिला, पंचवीस तारखेनंतर दुकानबंदी. पगार एक तारखेला, तोवर घरात जे असेल त्यात भागवायचं. हा निर्मलाचा कायदा, म्हणून ती आमची अर्थमंत्री. दुसरा, आधी खायचं, मग विचारायचं. ताटात काय आहे हे जेवण झाल्याशिवाय कुणी विचारायचं नाही. आणि तिसरा, करणारीला खरवड. जी स्वयंपाक करेल तिनं शेवटी बसायचं आणि पातेल्याच्या बुडाचं तिला. हा तिसरा कायदा मीच काढला, कारण मला खरवड आवडते.

दुसऱ्या कायद्यानं सगळ्यात जास्त कोण अडकलं असेल तर तो कायदा पाळणारी निर्मलाच.

एप्रिलमध्ये आमच्या लॅबमध्ये कुणीतरी स्टाफला कलिंगडं आणली. सगळ्यांनी खाल्ली आणि साली डस्टबिनकडे निघाल्या. माझा जीव कळवळला. एवढा जाड पांढरा भाग! पिशवी भरून घरी आणल्या, हिरवं सोलून टाकलं, पांढऱ्याच्या फोडी केल्या, मूठभर हरभऱ्याची डाळ, लसूण आणि थोडं दाण्याचं कूट घालून भाजी केली.

निर्मला जेवून बोटं चाटत म्हणाली, "दुधी काय झालाय गं आज! गोडसर!"

मी काही बोलले नाही. तिनं विचारलं कुठं होतं?

पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिनं स्वतः बाजारातून दुधी आणला. केला, खाल्ला, तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी भाजीवालीशी भांडून आली. "तुमचा दुधी बरोबर नाही. आमच्या घरी झाला होता तो वेगळाच!" भाजीवाली बिचारी म्हणाली, "ताई, दुधी दुध्यासारखाच लागतोय की." तिसऱ्यांदा ती पार मंगळवार बाजारात निघाली, तेव्हा मात्र मला राहवेना. म्हटलं, "निर्मले, तो दुधी नव्हता. कलिंगडाची साल होती."

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, आता कायदाच रद्द करणार. मग एकदम म्हणाली, "साल आम्हाला! आणि लाल कुणी खाल्लं?"

*

आता वाटीचा किस्सा.

शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत सगळीकडे आहे. पण लोक ती सणासुदीला पाळतात. आम्ही ती पंचवीस तारखेनंतर पाळायला लागलो!

झालं असं की एकदा अंबूअक्कानं वाटीभर चारू दिलं. चारू म्हणजे चिंचेचं पातळ आंबट सार, वर मिरी आणि लसणाची फोडणी. भातावर घ्या, नुसतं प्या, तापात घ्या, भांडणानंतर घ्या, कधीही चालतं. आम्ही वाटी परत केली ती शेंगाचटणी घालून. आता अक्काला रिकामी वाटी ठेवता येईना. तिनं त्यात परतलेली गवार धाडली. आम्ही चार बोरं घालून दिली. तिनं भात धाडला. ही वाटी अशी जिन्यावरून वर-खाली करत राहिली, आणि थांबवायची कुणी हे कुणालाच कळेना.

निर्मलानं यात राजकारण आणलं. वीस तारखेला वाटी वर आली की ती दडवून ठेवायची. "थांब, आत्ता परत द्यायची नाही. सत्तावीसला देऊ, म्हणजे अठ्ठावीसला भरून येईल."

एका सत्तावीसला मात्र वाटीत घालायला काहीच नव्हतं. डबे सगळे उलटे करून झाले. शेवटी रत्ना गुपचूप खाली गेली, मागच्या अंगणातल्या झाडाचा कढीपत्ता तोडला, धुतला, वाटीत छान रचला आणि पुढच्या दारानं अक्काच्या हातात दिला.

अक्कानं वाटी बघितली. रत्नाकडे बघितलं. मागच्या दारातून दिसणाऱ्या झाडाकडे बघितलं.

"अय्यो! माझ्याच झाडाचा कढीपत्ता मलाच देते?" म्हणाली. मग एक पान उचलून निरखलं. "बरं, धुतलाय तरी."

अठ्ठावीसला वाटी भरून आली.

*

मे महिन्यात एकदा डाळ अर्धवट शिजलेली आणि गॅस संपला. सिलिंडर हलवून बघितला, आडवा करून बघितला, त्याची मनधरणीही केली. नाही म्हणजे नाही.

निर्मलाच्या डोक्यात कल्पना आली. "सोलापूरचं ऊन फुकट वाया जातंय! पत्र्यावर अंडं फुटतं म्हणतात, मग डाळ शिजणार नाही होय?" मला पटलं. आमच्या डोक्यावरचा तो पत्रा दुपारी एवढा तापतो की आम्ही त्याला शिव्या घालतो, म्हटलं एकदा तरी त्यानं उपकार करावेत. डाळीचं पातेलं काळ्या फडक्यात गुंडाळलं, आत धूळ जाऊ नये म्हणून वर डब्याचं प्लास्टिकचं झाकण बसवलं आणि पत्र्यावर नेऊन ठेवलं. दर थोड्या वेळानं एकेक जणी जाऊन बघून यायची, आणि आपणच भाजून यायची.

दुपार टळल्यावर तिघी मिळून पातेलं खाली आणलं. रत्नानं फडकं सोडलं. डाळ होती तशीच होती, दाताखाली कचकच. झाकण मात्र शिजलं होतं. असं शिजलं होतं की डाळीत उतरून बसलं होतं!

त्या दिवशी तिघींनी अंबूअक्काकडे ताटं घेऊन जाऊन चारू-भात खाल्ला. वाढता वाढता अक्का म्हणाली, "पुढच्या वेळी झाकण कच्चं ठेवा, डाळ शिजवा."

*

रत्ना मेंढरांच्या घरातली. तिचे वडील, आप्पा, वर्षातले कितीतरी महिने कळप घेऊन रानोमाळ फिरतात. मटणाचा रस्सा कसा असावा हे रत्नाला जन्मापासून ठाऊक. एका रविवारी, महिना संपायला आलेला, तिला त्या रश्श्याची फार आठवण आली. म्हणाली, "मटण न्हाय तर न्हाय. मसाला तर हाय की."

आईनं दिलेलं काळं तिखट काढलं. कांदा आणि सुकं खोबरं थेट आचेवर काळं होईपर्यंत भाजलं, पाट्यावर वाटलं. पाटा अक्काचा. बेसनाच्या जाड वड्या थापून त्या रश्श्यात सोडल्या. तर्री अशी आली की मी पातेल्यात डोकावून स्वतःचं तोंड बघितलं. वास जिन्यावरून खाली गेला, माग ओलांडून गेला.

थोड्या वेळानं अंबूअक्का वर आली. चढायला तिला गुडघ्यांचा त्रास, तरी आली. सरळ पातेल्याजवळ बसली, पळीनं रस्सा हातावर घेतला, चाखला.

"रस्सा एक नंबर," म्हणाली. मग पळी तळापर्यंत फिरवली. "मटण कुठंय?"

रत्ना शरमली. "मटण न्हाय अक्का. नुसता रस्साच हाय."

अक्का उठून खाली गेली. आम्हाला वाटलं, हसू लपवायला गेली असेल. आम्ही ताटं घेतली, पहिला घास तोंडात घालणार तेवढ्यात अक्काचा आवाज जिन्यातून आला. हातात वाटी, वाटीत शिजलेल्या मटणाच्या फोडी, नुसत्या, रश्श्याशिवाय. पातेल्यात ओतत म्हणाली, "तुमचं मटण चुकून खाली राहिलं होतं."

खरं सांगते, मला त्या दिवशी रश्श्यापेक्षा जास्त पाणी डोळ्यांतून आलं. तिखटाचं निमित्त होतं म्हणून निभावलं.

*

निर्मलाचा वाढदिवस एकोणतीस तारखेला येतो. ही तिच्या आईची चूक, आमचा इलाज नाही.

केक तर हवाच. घरात काय होतं? रत्नाच्या आईनं पाठवलेल्या कडक भाकरींची चळत. ज्वारीची ही पातळ, पापडासारखी भाकरी आमच्या भागात महिना महिना टिकते. ती आमटीत कुस्करली की जेवण होतं, चटणीशी खाल्ली की नाश्ता होतो, फोडणी दिली की पाहुण्यांपुढे ठेवता येते. मी ठरवलं, हिचा मलिदा करायचा. भाकरी कुटायची, गूळ, दाण्याचं कूट आणि असलं नसलं तूप घालून डब्यात दाबून बसवायची आणि डबा पालथा घातला की केक!

वेळ कमी होता, त्यामुळे कुटणं जरा आटोपशीर झालं. आणि गुळाचा पाक जरा पुढे गेला. डबा पालथा घातला तर आत सगळं ठाम बसलेलं. डबा आपटला, गरम पाण्यात ठेवला, तेव्हा कुठं केक ताटात पडला, आणि पडल्याचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू गेला.

मेणबत्ती लावली. निर्मलानं माढ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. जयभीम झालं, आशीर्वाद झाले. "काप आता," आई म्हणाली. निर्मलानं सुरी ठेवली, दाबली, दोन्ही हातांनी दाबली. सुरी वाकली!

आवाज ऐकून आलेली अक्का दारातच उभी होती. खाली गेली आणि खलबत्ता घेऊन आली. "घे. हॅपी बर्थडे."

आईच्या साक्षीनं निर्मलानं बत्त्यानं केक फोडला. एक तुकडा उडून रत्नाच्या कपाळाला लागला. पण चव! तो केक आम्ही दोन दिवस चघळत होतो.

*

आता जरा गंभीर गोष्ट. रत्नाच्या डोक्यावर टांगती तलवार होती, आणि ती तलवार म्हणजे तिचे आप्पा.

रत्नाला नर्सिंगला घालायला भावकीतून सगळ्यांचा विरोध. एकटे आप्पा म्हणाले, "शिकू द्या तिला." पण एक अट घातली. "हडकलीस तर त्याच दिवशी घरी. पोटाला चिमटा काढून शिकल्यालं मला नको. शिक्षान ऱ्हाऊ दे, माजी पोरगी मला धडधाकट पायजे." शिक्षण अर्धवट सुटलं की पुढं काय, हे रत्नाला ठाऊक होतं. एक स्थळ आधीच घिरट्या घालत होतं.

आणि हडकली की नाही हे ठरवणार कोण? आप्पाच. मेंढरू विकत घेताना ते पाठीवर बोटं दाबून बघतात. वजनकाटा नको, काही नको. बोटंच सांगतात. रत्ना घरी गेली की तिचा दंड तसाच दोन बोटांत धरायचे. मग "हं" म्हणायचे, आणि रत्नाचा जीव भांड्यात पडायचा.

व्हिडिओ कॉलवर तिनं किती गाल फुगवून दाखवले तरी उपयोग नाही. "मोबाइलात समदीच गुटगुटीत दिसत्यात," म्हणायचे.

शेवटच्या वर्षाला वॉर्डची ड्युटी, परीक्षा, त्यात आमचा दुकानबंदीचा स्वयंपाक. रत्ना सुकली. आणि गावच्या जत्रेला जायचं तर होतंच. आम्ही घाबरलो. मग मोहीम काढली. जत्रेच्या आधी आठवडाभर रत्नाला चारायचं! शेंगदाणे भाजून गुळाचे लाडू, सकाळी भिजवलेले दाणे, रात्री दाण्याची आमटी. अक्कानंही वाटीमागून वाटी धाडली. मी आणि निर्मला तिच्या दोन्ही बाजूंना बसायचो आणि ती नको म्हणाली की डोळे वटारायचो. जाताना तिला ब्लाउज दंडात घट्ट होत होता. आम्ही टाळ्या वाजवल्या!

जत्रेहून रत्ना आली ती तोंड पाडून.

"काय झालं? दंड बघितला का?"

"बगितला."

"मग?"

रत्ना पायरीवरच बसली. म्हणाली, "आप्पांनी दंड धरला. एकदा दाबला, दोनदा दाबला. म्हनले, हे दाणं खाऊन आल्यालं अंग हाय, रोजचं न्हाय. बाजाराच्या आदी आठ दिस चारल्यालं मेंढरू मला वळखू येत न्हाय व्हय?"

आम्ही दोघी गार पडलो.

"आनि म्हनले, आता मीच येतो. सांगून येनार न्हाय."

त्यानंतर जिन्यावर वहाण वाजली की आम्ही आधी दारातून वाकून बघायचो. निर्मलानं दुकानबंदी उठवायची तयारी दाखवली, पण दुकानबंदी काय आम्ही हौसेनं घातली होती? उठवून दुकानात जायचं तर कशाच्या जोरावर?

मला तेव्हा रत्नाचा थोडा हेवाही वाटायचा, हे आत्ताच सांगून टाकते. माझे आईवडील दोघंही गेले. कुर्डुवाडीला भाऊ-वहिनी आहेत, भांडण काही नाही, जाणं-येणं आहे. पण मला फोन येतात ते रिचार्ज संपल्याचे. माझा दंड बघायला कोण येणार होतं?

*

आणि आप्पा आले. अठ्ठावीस तारखेला.

रविवार होता. लॅब बंद म्हणून मी एकटीच घरी. रत्ना ड्युटीवर, निर्मला ऑफिसात, कुरिअरवाल्यांना रविवार नसतो. जिन्यावर जाड वहाणा वाजल्या, आणि दारात फेटा, खांद्यावर घोंगडं, उन्हानं रापलेला उंच म्हातारा.

"रत्नी हितंच ऱ्हाती न्हवं?"

"हो आप्पा, या की. ड्युटीवर आहे ती. दोन वाजता येईल."

"मग बसतो."

खुर्ची दिली तर नको म्हणाले. उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसले. शेजारी पिशवी ठेवली. खताच्या पोत्याची शिवलेली, मोठी, रिकामी. वर सुतळी गुंडाळलेली. माझी नजर त्या पिशवीवरून हलेना.

"आप्पा, बाजारातून काही आणायचं आहे का?"

"आनायचं न्हाय," आप्पा म्हणाले. "न्ह्यायचंय."

मी पाणी दिलं. म्हटलं, दुकान खालीच आहे, निदान बटाटे आणि थोडं तूप उधारीवर आणावं. पायात चप्पल घातली तर आप्पा म्हणाले, "कुटं निगाली?"

"जरा खाली..."

"न्हाय. रोज जे खाता, त्येच कर. दुकानात पाय ठिवलास तर मी उटलो म्हनून समज."

मी चप्पल काढली. डबे उघडले. एक कांदा, लसणाच्या काही पाकळ्या, मूठभर दाणे, चिंचेचा गोळा आणि तळाशी हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, पीठ. देवा, हुलगे! रत्नाच्या आईनंच धाडलेले. म्हटलं, शेंगोळे करावेत. हुलग्याचं पीठ पुरेना म्हणून त्यात ज्वारीचं घातलं, लसूण-तिखट घालून घट्ट मळलं आणि हातावर वळायला बसले. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, पिठाच्या बोटभर लांबीच्या वळ्या करायच्या, दोन टोकं जोडायची आणि तिखट रश्श्यात उकळायच्या.

आप्पा बघत होते. मग उठले, हात धुतले, माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि वळायला लागले!

"अहो आप्पा, तुम्ही कशाला?"

"मेंढरामागं असतो तवा कोन करून घालतंय? आमचं आमीच करतो की." त्यांचा एकेक शेंगोळा अंगठ्याएवढा.

रश्श्याला दाणे कुटून लावले, चिंचेचं पाणी घातलं, आणि मग आणखी पाणी घातलं. मग आणखी थोडं.

"पानी लई घातलंस," आप्पा म्हणाले.

"चौघांना पुरायला पाहिजे ना."

त्यांनी हातातल्या शेंगोळ्याचे दोन केले. तेवढ्यात अक्काचा आवाज आला, आणि मागोमाग वाटी आली. आप्पांनी लगेच विचारलं, "ह्ये दुकानातलं हाय का?"

अक्कानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "चिंचेच्या झाडावरचं आहे," म्हणाली आणि चारूची वाटी ठेवून गेली.

दोन वाजता रत्ना आली. तिनं आधी घोंगडं बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. मग पिशवी बघितली. तिथंच जिन्यात उभी राहिली. निर्मला जेवायच्या सुट्टीत घरी आली होती, तिनं मागून तिला आत ढकललं.

जेवायला बसलो. कडक भाकरीचे तुकडे ताटात कुस्करले, वर शेंगोळे आणि रस्सा. आप्पांना वाढलं, रत्नाला वाढलं, निर्मलाला वाढलं. आप्पा मान खाली घालून जेवत होते. पुन्हा मागितलं, तेव्हा पुन्हा वाढलं. रत्नालाही आग्रह केला, म्हटलं आता पोटात गेलेलं निदान आज तरी दिसू दे. मग मी बसले, पातेल्यात भाकरीचा तुकडा फिरवला, चारूची वाटी विसळून घेतली. खरवड माझी, कायदाच आहे.

खाली माग बंद, रविवारचा. भुरकण्याचा आवाज तेवढा येत होता.

आप्पांनी हात धुतला, धोतराला पुसला. "रत्ने, हिकडं ये."

रत्ना गेली. आप्पांनी तिचा दंड दोन बोटांत धरला. दाबला. पुन्हा दाबला. डोळे मिटून घेतले.

"हं," म्हणाले. "ह्ये रोजचं हाय."

निर्मलानं माझा हात दाबला. पण आप्पांनी हात लांब करून पिशवी ओढली, सुतळी सोडली आणि पिशवी झटकून उघडली. रत्नाचा बांध फुटला. "आप्पा, एवढं वर्ष तरी पुरं करू द्या हो! मी काय हडकलीय का? तुमीच म्हनला की आत्ता..."

आप्पांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. मी ताटं गोळा करत होते, ते माझ्याकडे बघत होते.

"तू. पोरी. हिकडं ये. हात दाव."

मी ताटं ठेवली. हात पुढं केला. त्यांची बोटं खरखरीत, गरम. मनगट धरलं, मग दंड धरला. दाबलं नाही. दाबायला होतं काय!

"ही कुनाची हाय?"

रत्ना डोळे पुसत म्हणाली, "कुर्डुवाडीची हाय आप्पा. शैला. काडीच म्हनतो आमी तिला. किती बी खाल्लं तरी तिच्या अंगाला लागत न्हाय."

"खाल्लं तर लागंल की! मगाधरनं बगतोय मी. समद्यास्नी वाढलं आनि हिनं पातेलं पुसलं."

निर्मला जमिनीकडे बघायला लागली. रत्नाही. मी म्हणायला गेले, आप्पा, तो आमचा कायदा आहे, मला खरवड आवडते. पण आप्पा पुढचं विचारत होते.

"हिला बगाया कोन येतंय का घरचं?"

रत्ना हळूच म्हणाली, "कोन न्हाय येत, आप्पा."

आप्पांनी माझा हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं ती रिकामी पिशवी रत्नाच्या अंगावर फेकली.

"मग बगत काय बसलीस? हिची दोन कापडं भर त्यात. शेळीचं दूध पाजून आठ दिसांनी आनून सोडतो!"